रेडिएशनमध्ये तोंड कोरडं पडू नये म्हणून सुया? आम्ही केलं होतं, सांगते

तुमच्या बाबांना टॉन्सिलचा कॅन्सर, तीन आठवड्यांनी 33 सिटिंग सुरू होणार आणि मावशी म्हणतात अ‍ॅक्युपंक्चर केलं तर तोंड कोरडं पडतच नाही, खरं का, असं विचारलंय तुम्ही. आमच्या ह्यांना जिभेच्या मुळाशी गाठ होती, 2021 मध्ये सगळं झालं. मी डॉक्टर नाही, पण या विषयात बरंच डोकं घातलंय.

मावशी अगदीच हवेत बोलत नाहीयेत. ह्यूस्टनचं एमडी अँडरसन आणि शांघायचं फुदान विद्यापीठाचं कॅन्सर हॉस्पिटल, दोघांनी मिळून 399 पेशंटवर अभ्यास केला, 2019 च्या डिसेंबरात छापून आला. रेडिएशन चालू असतानाच सुया, आठवड्यातून तीनदा, सहा-सात आठवडे. एका गटाला खऱ्या, एकाला नाटकी (काही आत न जाणाऱ्या, काही भलत्याच जागी) आणि एकाला सुयाच नाहीत. वर्षभरानंतर ज्यांना तोंड कोरडं पडून खरंच त्रास होत होता ते खऱ्या सुयांच्या गटात साधारण 35 टक्के, सुया नसलेल्यांत 55. म्हणजे फरक आहे, पण तिघांतल्या एकाला होतंच की, "पडतच नाही" हे काही खरं नाही. आणि नाटकीवाले मधे, 48. गंमत म्हणजे शांघायमध्ये नाटकी सुयांनी फारसं काही झालं नाही, अमेरिकेत मात्र त्यांनीही लोकांना बरं वाटलं! आता यातलं सुईचं किती आणि कोणीतरी अर्धा तास नीट लक्ष देतंय त्याचं किती, देव जाणे.

आम्हाला हे कळेपर्यंत तिसरा आठवडा उजाडला होता. पहिला जो भेटला तो म्हणाला रेडिएशन बंद करा मी बघतो, तिथूनच उठलो. दुसऱ्या बाई चांगल्या होत्या. खालच्या ओठाखाली खळगा असतो ना तिथे एक सुई, मनगटाजवळ, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि कानात बारीकशा, हे तर चक्क झोपून जायचे, त्यांना भीती त्या रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून घालतात त्या मास्कची, सुयांची नाही. पाचव्या आठवड्यात केमोमुळे प्लेटलेट उतरल्या तर बाईंनी स्वतःच सांगितलं आता नको, रिपोर्ट वर आले की या. असं सांगणारं माणूस शोधा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. आपल्याकडे महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे 2015 चा, तेव्हा नोंदणी आहे का बिनधास्त विचारा. आणि अ‍ॅक्युप्रेशरवाल्याकडे जाऊन येऊ नका, ते वेगळं, त्यात सुया नसतात, नुसतं दाबतात.

पण त्याच्या आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा की आयएमआरटी (किरणांचा मारा गाठीवर नेमका आणि आजूबाजूला कमी ठेवणारी नवी पद्धत) आहे का आणि कानाखालची लाळेची ग्रंथी, पॅरोटिड, किती वाचतेय. हे माझ्या मते सुयांपेक्षा महत्त्वाचं. इंग्लंड-आयर्लंडच्या एका अभ्यासात (2011) जुन्या पद्धतीच्या रेडिएशननंतर वर्षाने 74 टक्के लोकांना चांगलाच कोरडेपणा होता, आयएमआरटीवाल्यांत 38. निदान एका बाजूच्या ग्रंथीला सरासरी 26 ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) आत ठेवायचा प्रयत्न असतो, गाठ कुठे आहे त्यावर जमतं किंवा नाही जमत.

ह्यांचं आता कसं आहे म्हणाल तर बाटली कायम सोबत, रात्री दोनदा उठतात जीभ टाळूला चिकटते म्हणून, भाकरी आमटीत कुस्करून छान जाते, चिवडा मात्र बंद. सुया नसत्या तर याहून वाईट झालं असतं का, सांगता येत नाही, मी उगाच श्रेय देणार नाही. बाबांचं करायचं ठरलं तर पहिल्या दिवसापासून करा, आमच्यासारखं अर्ध्यातून नको.

आणि दात! लाळ कमी झाली की दात भराभर किडतात आणि रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याची जखम भरायला फार त्रास होतो. आमची एक दाढ "नंतर बघू" म्हणून राहिली, ती अजून छळतेय. काढायचा असेल तो दात आत्ताच, जखम भरायला दोनेक आठवडे लागतात, तुमच्याकडे तीनच आहेत, उद्याच फोन करा दाताच्या डॉक्टरांना.