घरकाम करणाऱ्या महिलांना साक्षरता वर्गाला येण्यास कसे प्रवृत्त करावे?

घोडबंदर रोडवरील आपल्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आपण संध्याकाळी साडेसहाचा वर्ग सुरू केलात, पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या आणि तिसऱ्या आठवड्यात एकही उरली नाही, असे आपण लिहिले आहे. ‘प्रवृत्त’ हा शब्दच मला खटकला. शिकण्याची इच्छा नसती तर दिवसभर राबून अकरा जणी आल्याच नसत्या.

मी किसननगरमध्ये ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमाची स्वयंसेवक म्हणून शिकवू लागले, तेव्हा पहिल्या दिवशी दाराशी टेबल मांडून त्यावर हजेरीपट आणि शाईचा पॅड ठेवला होता. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा उमटवून आत यावे, ही माझ्या एका सहकाऱ्यांची व्यवस्था होती. पन्नाशीच्या एक मावशी रांगेत होत्या. त्यांच्या पुढच्या तरुण मुलीने अडखळत का होईना, सही केली. मावशींनी पॅडकडे पाहिले, डाव्या हाताची मूठ पदराखाली घेतली आणि गॅसवर दूध ठेवल्याचे सांगून त्या निघून गेल्या. चार दिवसांनी गल्लीत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “बाई, अंगठाच द्यायचा तर रेशनच्या दुकानात देतेच की. तो सुटावा म्हणून आले होते.”

सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, या लोकांना शिकायचेच नसते, ते सबबी सांगतात. आमचा त्यावर कडाक्याचा वाद झाला. मी हजेरीपट घरी नेऊ लागले आणि नावे वर्ग सुटल्यावर स्वतः भरू लागले. मावशी परत आल्या.

वेळेचेही तेच. संध्याकाळी पाणी भरायचे असते, स्वयंपाक असतो, मुले घरी आलेली असतात. आम्ही वर्ग दुपारी अडीचला आणला, कारण सकाळची कामे आटोपून संध्याकाळच्या भांड्यांना जाईपर्यंत तेवढीच फट त्यांना मिळते. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळादेखील दुपारीच भरत असे.

एक अडचण मला फार उशिरा कळली. चाळिशीनंतर जवळचे नीट दिसत नाही, आणि फळ्यावरचे वाचणारी बाई पुस्तक उघडताच गप्प होते, ती ‘मला जमत नाही’ असे म्हणते आणि आपणही ते खरे मानतो. प्रथम डोळे तपासून चष्मा मिळवून द्यावा, अक्षरे नंतर. मुळाक्षरांपासून सुरुवातही करू नये. लिफ्टचे मजले, बसचे क्रमांक आणि नोटा या बायका रोज हाताळतात. आकडे त्यांच्या ओळखीचे असतात. तिथून त्यांच्या स्वतःच्या नावाकडे जावे.

‘उल्लास’ची पायाभूत चाचणी 150 गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50. महाराष्ट्रात ती 17 मार्च 2024 रोजी झाली, तेव्हा मावशी बसल्या होत्या. केंद्रावरील हजेरीपत्रकावर नाव लिहिताना त्यांनी इतका वेळ घेतला की मागच्या बाकावरून कुणीतरी घाई करू लागले, पण त्यांनी शेवटच्या अक्षरावरची रेघ पूर्ण ओढल्याशिवाय पेन खाली ठेवले नाही. गुण किती मिळाले हा प्रश्न माझ्यासाठी तिथेच संपला होता, आणि तो वादही.

पुरुषांचे मला फारसे ठाऊक नाही. माझा अनुभव बायकांच्या वर्गापुरताच आहे. शिवाय घरून होणारा विरोध वेळ बदलून सुटत नाही, त्यासाठी सासूला किंवा नवऱ्याला स्वतः जाऊन भेटावे लागते.

मात्र क्लबहाऊस सोडाच. ज्यांच्या घरी भांडी घासायची, त्यांच्याच डोळ्यांदेखत ‘क’ गिरवत बसायचे, हे कोणत्या बाईला रुचेल? त्यांच्या वस्तीतील समाजमंदिर किंवा कुणाची ओसरी त्यांनाच विचारून ठरवावी, आणि दाराशी हजेरीचे टेबल मांडले असेल तर ते आजच हलवावे.