अंतर तेवढंच, मग तिकिटावर वेळ जास्त का?

प्रश्न: दोन एअरपोर्टमधलं अंतर नेटवर बघितलं, ११५० किमी दाखवलं. विमान ताशी ८५० ने जातं म्हणतात, म्हणजे साधारण १ तास २१ मिनिटं व्हायला पाहिजेत, पण तिकिटावर २ तास १० मिनिटं लिहिलंय. मधली पन्नासेक मिनिटं जातात कुठे? आणि लंडनहून न्यूयॉर्कला जायला जास्त वेळ आणि यायला कमी, हे कसं काय, रस्ता तर तोच ना?

उत्तर: भागाकार बरोबर आहे हो तुमचा, पण तिकिटावरचा वेळ हा नुसता हवेतला नसतोच. विमान गेटवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू आणि दुसरीकडे गेटला लागून थांबलं की बंद. मग रनवेपर्यंत रांगत जायचं, पुढे चार विमानं उभी असतील तर खिडकीतून गवत बघत बसायचं, हे सगळं त्यातच आलं. आणि ८५० चा स्पीड वर १०-११ किमी उंचीवर गेल्यावरचा. चढायला वीसेक मिनिटं जातात, उतरायची तयारी तर साधारण २०० किमी आधीच सुरू होते, त्यामुळे छोट्या प्रवासात फुल स्पीडने उडायला मिळतं ते मधल्या तुकड्यातच.

अंतराचं म्हणाल तर साइटवरचा आकडा हा पृथ्वीच्या गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता असतो, विमान काही अगदी त्याच रेषेवरून जात नाही. (दुसरीकडे तेच अंतर ६२१ दिसलं तर गोंधळू नका, ते नॉटिकल मैल, एक म्हणजे १.८५२ किमी.) घरात पृथ्वीचा गोल असेल तर लंडन ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडे सरकून कॅनडाच्या किनाऱ्याजवळून जातो, सपाट नकाशावर तोच रस्ता उगाच वळसा घेतल्यासारखा दिसतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि खरी गंमत इथेच आहे. विमानाचा स्पीड हवेच्या हिशोबात असतो, जमिनीच्या नाही. सरकत्या पट्ट्यावर त्याच्याच दिशेने चाललात तर पटकन पोचता, उलटं चाललात तर पाय तेवढेच चालतात पण पुढे सरकणं कमी, तसंच. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचा जोरदार वारा असतो, हिवाळ्यात तर फारच, म्हणून न्यूयॉर्कला जाताना ८ तासांच्या आसपास आणि येताना ७. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीच्या हिशोबात स्पीड ताशी १३०० किमीच्या वर, तरी ते आवाजापेक्षा वेगाने उडत नव्हतं कारण आजूबाजूची हवाच त्याला घेऊन पळत होती!

घरच्या घरी अंदाज काढायचा तर किमीला ८५० ने भागा आणि वर ४५ मिनिटं धरा. तुमच्या केसमध्ये ८१ अधिक ४५, म्हणजे २ तास ६ मिनिटं. उरलेली चार एअरलाइनला सोडून द्या, लेट झालं तर त्यांनाही थोडी जागा हवी असते.