‘तुम्ही आमची लिंक द्या, आम्ही तुमची देतो’: आता त्या काढू का?

गूगलवरून येणारे क्लिक घटल्यावर मालवणजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न : “गूगलने माझ्या साइटवर बंदी घातलीय का? आणि या लिंक आज काढल्या तर उरलंसुरलंही जाईल का?” दोन वर्षांत ईमेलने आलेला लिंक-अदलाबदलीचा जवळपास प्रत्येक प्रस्ताव त्यांनी स्वीकारला होता. पैसे कुणाला दिले नाहीत, मग चुकलं कुठे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं ‘आमचे मित्र’ हे पान उघडलं. पॅकर्स-मूव्हर्स, झटपट कर्ज, वजन घटवायची पावडर आणि मध्येच मालवणचाच स्कूबावाला. एकूण ६४ लिंक. त्यातल्या ९ तळपट्टीत, म्हणजे साइटच्या प्रत्येक पानावर. गूगलच्या स्पॅम धोरणात विकतच्या लिंकबरोबरच अतिरेकी अदलाबदल आणि केवळ त्यासाठी केलेली ‘पार्टनर’ पानं यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. अतिरेकी म्हणजे किती, हा आकडा मात्र गूगल देत नाही. शेजारच्या स्कूबावाल्याने आणि होमस्टेने एकमेकांची लिंक देणं हा वानवळा झाला, त्यात गैर काही नाही. कर्जवाल्याबरोबरचा सौदा म्हणजे ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’. ‘तुमची लिंक आमच्या दुसऱ्या साइटवरून देतो’ ही तिरंगी चालही त्यातलीच.

बंदीचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या मोफत टूलमध्ये, ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) उघडायचं. ताईंच्या खात्यात तिथे काहीच नव्हतं.

मग क्लिक का घटले? सर्च कन्सोलच्याच परफॉर्मन्स अहवालात १६ महिन्यांचा डेटा असतो. मालवणात जूनशी मेची तुलना करून उपयोग नाही, पावसाळ्यात समुद्रच बंद. गेल्या वर्षीचे तेच महिने समोर ठेवायचे. तसं केल्यावर दिसलं की होमस्टेच्या नावाने होणारे शोध जागेवर आहेत, घसरले ते ‘मालवण होमस्टे’सारखे सर्वसाधारण शोध. यावरून लिंकचंच कारण सिद्ध होत नाही, पण संशय घ्यायला जागा आहे. डिसेंबर २०२२च्या अपडेटपासून गूगलची स्पॅमब्रेन यंत्रणा अशा लिंक ओळखून क्रमवारी ठरवतानाचं त्यांचं वजन शून्य करते. दंड नाही, पण त्या लिंकमुळे मिळालेली वाढ गेली ती गेली. त्यामुळे लिंक काढून जुनी जागा परत मिळेल, ही आशा सोडावी लागते. आणि काढल्याने आणखी जाईल ही भीतीही, कारण मोजल्याच न जाणाऱ्या लिंकचं जायचं काय?

तरी काढायच्या, कारण आपल्या पानावरून बाहेर जाणाऱ्या लिंकसाठी वेगळी मॅन्युअल कारवाई होऊ शकते आणि त्या पूर्णपणे आपल्या हातात असतात. ‘आमचे मित्र’ पान उडवलं, तळपट्टी साफ केली. स्कूबावाला धरून ५ लिंक ठेवल्या, पण पाहुण्यांना हव्या त्या जागी, ‘काय पाहाल’ पानावरच्या वाक्यांत. पैसे घेऊन दिलेली लिंक असती तर तिच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ खूण (ही पैशांची लिंक आहे असं गूगलला सांगणारी) लावायला सांगितलं असतं.

ताईंना घाई होती ती डिसॲव्हाव फाइलची, म्हणजे ‘आमच्याकडे येणाऱ्या या लिंक मोजू नका’ असं गूगलला कळवणाऱ्या यादीची. कुणीतरी फुकटच्या टूलमधून ‘विषारी’ लिंकची लांबलचक यादी काढून दिली होती. ती चढवू दिली नाही. या फाइलने चांगल्या लिंकही नाकारल्या जातात, आणि कारवाई झालेली नसताना किंवा तशी ठोस शक्यता नसताना तिची गरज नसते. येणाऱ्या लिंकवरून कारवाई झालीच, तर आधी समोरच्यांना लिंक काढायला लिहायचं, न काढणाऱ्यांची डोमेन साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीत एक अशी घालायची आणि मग फेरविचाराची विनंती पाठवायची. नवी फाइल जुनीची जागा घेते, म्हणून दरवेळी पूर्ण यादी चढवावी लागते. ही फाइल चढवायचं टूल सर्च कन्सोलमध्ये ‘डोमेन प्रॉपर्टी’ म्हणून (अख्खं डोमेन एकत्र) नोंदवलेल्या साइटवर चालत नाही, ‘यूआरएल-प्रीफिक्स प्रॉपर्टी’ (https:// सकट पूर्ण पत्त्याने केलेली नोंद) लागते. बरेच जण इथेच अडतात.

आठवड्याभरात तिघांची रागाची ईमेल आली : तुम्ही आमची काढली, आम्हीही तुमची काढतो. ताई पुन्हा घाबरल्या. त्यांना सांगितलं, आभार मानून मोकळ्या व्हा, तेवढी तीन पत्रं लिहायची वाचली.