टेन्शनमध्ये असलेल्या मनाशी वाद घालू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. रात्री पाठ टेकली की डोकं सुरू होतं, सकाळी डोळे उघडायच्या आत छातीत धडधड, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून ध्यानाला बसलीस तर विचार कमी व्हायच्याऐवजी दुप्पट झाले, मग चार-दोन दिवसांत सोडून दिलंस. शेवटी विचारलंयस की हे अध्यात्म वगैरे माझ्यासारखीला जमणारच नाही का.

जमेल गं. फक्त सुरुवात सगळ्यात अवघड टोकाकडून केलीस. आधीच ताणलेल्या माणसाला डोळे मिटून गप्प बस म्हटलं की त्याच्याजवळ उरतं काय, तेच विचार, आणि आता त्यांना अडवायला बाहेरचा आवाजसुद्धा नाही. बऱ्याच जणांचं असंच होतं, त्यात तुझं काही कमी पडलेलं नाहीये.

पतंजलींनी योगसूत्रात मन विखुरलं की सोबत काय काय येतं ते सांगून ठेवलंय: दुःख, निराशा, अंगाला कंप आणि बिघडलेला श्वास. बघ, चारातली दोन सरळसरळ शरीराची आहेत. म्हणून मी म्हणतो मनाशी वाद घालत बसू नकोस, तिथे तू हरणारच, कारण दोन्ही बाजूंनी तूच बोलत असतेस. श्वासाकडून आत शिर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, घेताना वाढतात, हे शरीराचं साधं काम आहे, व्हेगस नावाचा मज्जातंतू ते सांभाळतो. त्यामुळे घेताना चारपर्यंत मोज, सोडताना सहा किंवा आठपर्यंत, बस. श्वास कोंडून वगैरे ठेवू नकोस, गरगरलं तर थांब आणि नेहमीसारखा श्वास घे. डोळे उघडे ठेवलेस तरी चालेल, जमिनीकडे बघ. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

आता नामस्मरण. यावर जरा जास्त बोलतो कारण मला विचारशील तर ताणलेल्या मनासाठी याच्याइतकं सोपं साधन दुसरं नाही, आणि लोक नेमकं तेच घाईघाईत उरकतात. आपल्याकडे जपाचे तीन प्रकार सांगतात, वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण आवाज दुसऱ्याला जात नाही, आणि मानसिक. मानसिक सगळ्यात श्रेष्ठ मानतात म्हणून प्रत्येकजण थेट तिथेच उडी मारतो आणि दोन मिनिटांत ऑफिसच्या ईमेलपाशी पोचतो. तू वाचिकच कर. स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतक्या आवाजात. बोलायचं म्हणजे श्वास सोडावाच लागतो, त्यामुळे नाम सावकाश लांबवून घेतलंस की वर सांगितलेला लांब उच्छ्वास आपोआप होतो, मोजायची कटकट नाही.

हे नुसतं श्रद्धेचं बोलणं नाहीये. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रयोग छापून आला होता, त्यात माणसांना कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावलं, तर दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचा बारा ते वीसच्या दरम्यान असतो. प्रयोग लहान होता, २३ जणांचा, त्यावर इमले बांधू नकोस, पण दोन वेगळे धर्म, वेगळ्या भाषा आणि श्वास मात्र त्याच लयीत, याची गंमत वाटते मला. म्हणून कुठलं नाम घेऊ हे विचारत बसू नकोस. जे तोंडात रुळलेलं आहे ते घे, रोज बदलू नकोस.

आणि एक हिशोब करून बघ. एका सावकाश श्वासाला एक नाम, मिनिटाला सहा, तर १०८ मण्यांच्या माळेला अठरा मिनिटं लागतात. लोक पाच मिनिटांत माळ संपवतात आणि म्हणतात काही फरक पडला नाही. अरे, पळत होतास तू! तुझ्याकडे अठरा मिनिटं नसतील तर पाव माळ कर, २७ मणी, साडेचार मिनिटं, पण चालीत. माळ नसेल तर बोटांची पेरं आहेतच.

मन भटकेल. भटकणारच. अर्जुनानेसुद्धा गीतेच्या सहाव्या अध्यायात तक्रार केलीय की हे मन वाऱ्यासारखं आहे, आवरणार कसं, आणि मला आवडतं ते असं की कृष्ण त्याला तू चुकतोयस असं म्हणत नाही, हो बाबा, आवरायला कठीणच आहे म्हणतो, आणि मग सांगतो अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे काय तर मन जिथून जिथून निसटेल तिथून परत आणायचं, त्याच अध्यायात आहे हे. म्हणजे दहा वेळा भटकलं आणि दहा वेळा परत आणलंस तर दहा वेळा साधना झाली, दहा वेळा फेल नाही झालीस. स्वतःवर चिडण्यात जो वेळ जातो तेवढाच वाया.

वैराग्य शब्दाला घाबरू नकोस, घरदार सोडायला कोणी सांगत नाहीये. तुझ्यापुरतं एवढंच की त्या पाच-दहा मिनिटांत काही मागायचं नाही. रिझल्ट चांगला लागू दे, तो जॉब मिळू दे, हे सौदे सुरू झाले की जपसुद्धा टेन्शनचाच भाग होतो, कारण प्रत्येक मण्याला तीच भीती आठवते. मागायचं असेल तर वेगळं माग, रात्री, आपल्या भाषेत, मोठ्याने. देवावर विश्वास नसेल तरी बोल, हे हे मला जड झालंय असं शब्दांत म्हटलं की निदान त्याला कडा तरी येतात, नाहीतर नुसतं धुकं. त्याआधी उद्याची कामं कागदावर लिहून काढ, नाहीतर प्रार्थनेत मधेच वीजबिल आठवेल. हे लिहिणं काही आध्यात्मिक नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं होत नाही.

वेळेचं म्हणशील तर पहाटे चारला उठायच्या फंदात पडू नकोस. झोप कमी करून केलेली साधना ताणलेल्या माणसाला उलटी पडते. उठल्यावर फोन हातात घ्यायच्या आधी, एवढीच अट ठेव. आणि ते स्ट्रीक मोजणारं ॲप डिलीट कर, एक दिवस चुकला की तू आठवडाभर अपराधी वाटून घेशील, तुझा स्वभाव माहितीये मला.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐक. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगूच नये असं वाटायला लागलं, तर आधी डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, त्याच दिवशी. आणि मलाही फोन कर, रात्री कितीही वाजता. जप औषधाच्या जोडीने चालतो, औषधाच्या जागी नाही. नाम घे सगळं बरं होईल म्हणून गोळ्या बंद करायला सांगणारा कोणी भेटला, मग तो कितीही मोठा महाराज असो, तिथून उठून ये.

सगळं एकदम सुरू करू नकोस. आत्ता फक्त सकाळचे २७ मणी, किंवा नुसता श्वास, दोन्हीतलं एक. रात्रीचं नंतर बघू. पहिले काही दिवस काहीच वाटणार नाही, कंटाळा येईल, तरी बस. शांत वाटलं का हे मला सांगू नकोस, महिन्याभराने लिही की कुठल्या जागी बसतेस आणि कुठल्या वेळी जमतंय, त्यावरून पुढचं ठरवू.

तुझा,
सर