ट्रेलरच्या ऑनिंगच्या दांड्यांचा रंग पोपडे धरून निघतोय. वरून स्प्रे मारला तर चालेल का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जुना कॅम्पिंग ट्रेलर घेतलात, तोरणमाळला आणि सारंगखेड्याच्या यात्रेला तो नेता, आणि एरवी वर्षभर तो शिरपूरला अंगणात उघड्यावर उभा असतो. ऑनिंगच्या, म्हणजे बाजूला उघडणाऱ्या कापडी छताच्या, दोन्ही दांड्यांचा पांढरा रंग सुटतोय, खाली जेवायला बसलं की ताटात खपल्या पडतात, आणि दुकानदार म्हणतो की वरून स्प्रेचा डबा मारा, झालं काम.

मारू नका. सुटलेल्या रंगावर बसलेला नवा रंग त्या जुन्या खपलीसकटच खाली येतो.

मी जळगावला एमआयडीसीत रंगकाम करतो. गाड्यांच्या बॉड्या, चटईच्या कारखान्यांची मशीनं, शेतीची अवजारं, सगळं हाताखालून गेलंय. भरिताच्या सीझनला रस्त्याकडेला उभी राहणारी एक ट्रेलरगाडी माझ्याकडे आली होती, तिच्या ऑनिंगची अवस्था अगदी तुमच्यासारखीच. मी तेव्हा धंद्यात नवा होतो. दांड्या घासल्या, रेड ऑक्साइड लावलं, वर ऑइलपेंटचे दोन हात मारले. दिवाळीला गाडी चकचकीत गेली आणि मे महिन्यात मालक परत घेऊन आला. रंग सापाच्या कातीसारखा लांबच्या लांब निघत होता आणि खालचा धातू कोराच्या कोरा. दांड्या ॲल्युमिनियमच्या होत्या आणि मी लोखंडाचं प्रायमर लावलं होतं. ते काम मी पैसे न घेता पुन्हा केलं. तेव्हापासून खिशात लोहचुंबक असतं.

तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. चुंबक चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर बहुतेक ॲल्युमिनियम. मग एक पोपडा नखाने उचलून खाली काय आहे ते बघा. लाल-तपकिरी गंज असेल तर प्रश्नच नाही, ते लोखंड. पिठासारखी पांढरी भुकटी असेल तर ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातंय. ही भुकटी सगळ्यात जास्त कुठे सापडते बघा: स्क्रूभोवती. स्क्रू स्टेनलेसचे, दांडी ॲल्युमिनियमची, मध्ये पावसाचं पाणी. दोन धातू आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम झिजतं, आणि ती भुकटी फुगून रंगाला खालून उचलते. पोपड्याखाली धातू स्वच्छ, चकचकीत असेल तर पहिल्या रंगाची पकडच बसली नव्हती. आणि बोट फिरवल्यावर खडूसारखं पांढरं लागत असेल, तर तो उन्हाने मेलेला रंग. आपल्याकडे जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तापी खोऱ्यातलं शिरपूरही काही थंड नाही. उघड्यावर उभ्या गाडीचा रंग असा मरतोच.

जिथे रंग शाबूत दिसतो तिथे ब्लेडने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढा, दोन-दोन मिलिमीटरवर, धातूपर्यंत. वर चांगला चिकटपट्टीचा तुकडा घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर तो रंग ठेवायला हरकत नाही, त्याला फक्त खरखरीत करायचं. चौकोन पट्टीला चिकटून आले तर सगळाच काढावा लागेल.

आता हात लावण्याआधी एक गोष्ट, आणि ही मी कळकळीने सांगतो. ऑनिंगच्या गुंडाळीच्या नळीत ताणलेली स्प्रिंग असते. नळीच्या टोकाचं झाकण किंवा तिथली दांडी पिन न लावता सोडली तर ती स्प्रिंग सटकन उलटी फिरते आणि बोटं मोडते. रंगासाठी नळी उघडायची गरजच नाही. दांड्यांमध्ये गॅसचे शॉकर असतील तर त्यात दाबाने भरलेला नायट्रोजन असतो, त्यांना भोक नाही, गॅसची शेगडी नाही, हीटगन नाही. त्यांच्या चकचकीत सळईवर रंगही लावायचा नाही आणि पॉलिशपेपरही मारायचा नाही, नाहीतर आतलं सील फाटतं. तिला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. ऑनिंग अर्धी उघडा, खालून टेकू द्या आणि कापडावर प्लॅस्टिक घाला. थिनरचा एक शिंतोडा उडाला तरी रेक्झिनसारखं ते कापड तिथे कडक पडतं.

रंग काढायला कॉस्टिक वापरू नका. लोखंडाला चालतं, ॲल्युमिनियमला ते खातं, आणि खाताना पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. धुण्याचा सोडा आणि बाथरूम धुवायचं ॲसिडही तसंच नको. धुवायला साधा भांड्याचा साबण आणि पाणी पुरे. लोखंडी तारेचा ब्रशही नको, त्याचे बारीक कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच गंजाचे ठिपके येतात. सैल रंग पत्तीने उचला, मग पाणी घेऊन वॉटरपेपर मारा, आधी 220 नंबर, मग 320. पाण्याने घासलं की धूळ छातीत जात नाही. जुना रंग आणि उघडा धातू जिथे मिळतात तिथला काठ मोडायचा. डोळे मिटून नख फिरवा, पायरी लागली तर अजून घासायचंय. दांडीच्या धारदार कडाही थोड्या गोल करा. धारेवर रंग पातळ बसतो, म्हणून सोलायला सुरुवात नेहमी धारेपासूनच होते. तुमच्याही दांड्यांचं तसंच झालं असेल, बघा.

घासून, धुऊन, वाळवून झालं की थिनरच्या स्वच्छ कपड्याने पुसा आणि त्यानंतर हात लावू नका, हाताचा घामही नडतो. आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर धरायला लागतो. आज घासून उद्या रंगवू म्हटलं तर अर्धी मेहनत वाया गेली.

प्रायमर म्हणजे ॲल्युमिनियमसाठीचं एच (etch) प्रायमर, धातूला किंचित खाऊन पकड घेणारं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतं. ते इतकं पातळ मारायचं की खालचा धातू झिरझिरीत दिसत राहिला पाहिजे. नवे लोक हे पांढऱ्या रंगासारखं जाड फासतात आणि तिथेच फसतात, जाड झालं की तेच सुटतं. खड्डे असतील तर या प्रायमरवर थेट लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरू नका, मध्ये सर्फेसरचा (प्रायमरवरच्या जाडसर थराचा) हात हवा. खरं तर दांडीला लांबी नकोच. ती दणके खाते आणि लांबी तडकते. वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग, एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर असा येणारा, दोन पातळ हात. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच घ्या. दोन दांड्यांना अर्धा लिटर पुरून उरतो. हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट असते, त्यामुळे स्प्रे करणार असाल तर रुमाल बांधून भागणार नाही, कार्ट्रिजवाला मास्क घ्या. मास्क नसेल तर ते काम पेंटरकडे द्या. लोखंडी भाग निघाला तर त्याला इपॉक्सी प्रायमर, वर तोच रंग.

वेळ मात्र आपल्या हवामानाप्रमाणे निवडा. उन्हाळ्यात दांडीवर हात ठेवता येत नाही, तेव्हा रंगही टेकत नाही. वरून लगेच वाळतो, आतला थिनर अडकतो आणि फोड येतात. पावसाळ्यात तर नावच काढू नका. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचा काळ सोन्यासारखा. फक्त त्या दिवसांत तापी काठाला, केळीच्या बागांच्या बाजूला पहाटे दव पडतं. सकाळी आठला दांडीवर हात फिरवा, ओल लागेल. दहाला सुरू करा, सावलीत करा.

सरकणाऱ्या खाचांमध्ये रंग जाऊ देऊ नका. तिथे पट्टी लावा, नाहीतर रंगाचा कपचा अडकून दांडी फसते. नंतर त्या खाचांत ग्रीसही भरू नका. आपल्या काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये बसली की पॉलिशपेपरसारखी घासत राहते. कोरडा सिलिकॉन स्प्रे वापरा. स्क्रू काढले असतील तर परत बसवताना खाली नायलॉनचा वायसर टाका, म्हणजे दोन्ही धातू एकमेकांना टेकत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी रंग हाताला कोरडा लागला म्हणून ऑनिंग मिटू नका. मिटलेल्या दांड्या एकमेकींवर दाबून बसतात आणि कोवळा रंग चिकटतो. निदान आठवडाभर उघडी राहू द्या.

अर्ध्याहून जास्त रंग गेला असेल तर पावडर कोटिंगचा विचार करा. त्यात रंगाची कोरडी पावडर फवारून 180 ते 200 अंशांच्या भट्टीत भाजतात, म्हणून शॉकर, रबर, नायलॉनचे बुश आधी काढावे लागतात, आणि ते सुटे करायचं काम तुम्ही स्वतः न करता जाणकाराकडून करून घ्या. दुकानात दोनच गोष्टी विचारा. पावडर प्युअर पॉलिस्टर आहे का? हायब्रीड किंवा इपॉक्सी घरातल्या वस्तूंसाठी ठीक, उन्हात ती खडू होते. आणि ॲल्युमिनियमसाठी वेगळी पूर्वतयारी करता का? लोखंडासाठी असलेल्याच टाकीत बुडवून देतो म्हणाले तर दांड्या परत घेऊन या.

यंदाची सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरायच्या आत दांड्या तयार हव्या असतील तर दिवाळी झाल्या झाल्या कामाला लागा. पुढे दर पावसाळ्यानंतर स्क्रूंभोवती नजर टाका. केसाएवढी चीर दिसली तर तेवढंच घासून प्रायमर आणि रंगाचा ठिपका द्या, पूर्ण दांडी काढायची वेळ येणार नाही. चुंबक लावून बघितलंत की काय निघालं ते आणि पोपड्याखालचा एक फोटो टाका, प्रायमरचं नेमकं सांगतो.