आपली नोकरी सांभाळून टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे लष्कराच्या अर्धवेळ सेवेच्या दलात, अधिकारी झालो, तर बढती कुठपर्यंत मिळते?

सुरुवात लेफ्टनंटपासून. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती ठरावीक सेवाकाळ आणि निकष पूर्ण केल्यावर मिळते. कर्नल आणि ब्रिगेडियर ही पदं मात्र निवडीनेच, आणि तिथे जागा मोजक्याच असतात.

भाजप नेते अनुराग ठाकूर यांचं उदाहरण घ्या: २०१६ मध्ये लेफ्टनंट, २०२१ मध्ये कॅप्टन. धोनी २०११ मध्ये थेट लेफ्टनंट कर्नल झाला, पण ते मानद पद. त्यावरून स्वतःचा हिशोब मांडू नका.

पगार फक्त प्रशिक्षणाच्या किंवा प्रत्यक्ष सेवेच्या काळातच मिळतो. त्यामुळे निव्वळ बढतीसाठी जाणार असाल तर माझ्या मते नकाच जाऊ. वर्दीची ओढ असेल तर जरूर अर्ज करा. वयोमर्यादा ४२ वर्षांपर्यंत आहे.