वॉर्ड सुटला, आता घरून काय करता येईल?

प्रश्न : मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली परिचारिका आहे. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षं आयसीयूत होते. मुलगी दीड वर्षाची झाली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिच्यामागे दिवसभर धावणं झेपत नाही आणि मला नाइट ड्यूटी जमेना, म्हणून राजीनामा दिला. मेडिकल कोडिंग घरून करता येतं असं मैत्रिणी सांगतात. एका क्लासने साठ हजार रुपये फी आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगितलं आहे. भरू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आत्ता नको. काम तुमच्या शिक्षणाला साजेसं आहे, पण ते तुम्हाला आवडतं का हे पैसे न भरताही कळू शकतं.

बहुतेक काम अमेरिकेतल्या रुग्णांचं असतं. डॉक्टरांची नोंद वाचायची आणि आजाराला आयसीडी-१०-सीएमचा, प्रक्रियेला सीपीटीचा, काही औषधं व साहित्याला एचसीपीसीएसचा कोड द्यायचा. त्यावर विमा कंपनी बिल मंजूर करते किंवा परत पाठवते. फोनवर बोलावं लागत नाही, ही आईसाठी यातली सर्वांत मोठी सोय. मात्र याच कंपन्यांमध्ये 'एआर कॉलिंग' नावाचं कामही असतं. त्यात थकलेल्या बिलांसाठी अमेरिकेच्या वेळेत, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत, फोन करावे लागतात. मुलाखतीत पहिला प्रश्न तुम्हीच विचारा : प्रोसेस व्हॉइस आहे की नॉन-व्हॉइस? नाहीतर सोडलेली नाइट ड्यूटी हेडफोन घालून घरात परत येईल.

आयसीडी-१०-सीएमचे कोड आणि ते वापरण्याचे अधिकृत नियम अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. सीपीटीचे हक्क तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेकडे आहेत, त्यामुळे ते पुस्तक विकत घ्यावं लागतं. म्हणून सुरुवात नियमांच्या त्या दस्तऐवजापासून करा. पहिला, दुसरा आणि चौथा विभाग महिनाभर रोज तासभर वाचा. कंटाळा आला तर साठ हजार वाचले.

वाचताना एक गोष्ट लक्षात येईल : परिचारिका चुकते ती ज्ञान कमी म्हणून नव्हे, जास्त म्हणून. सोडियम १२८ दिसलं की आयसीयूतल्या सिस्टरच्या हातून हायपोनॅट्रेमिया (रक्तात सोडियम कमी) लिहिला जातो. कोडरला ते चालत नाही. रिपोर्टमधला आकडा हे निदान नव्हे. डॉक्टरांनी शब्दांत लिहिलं असेल तरच कोड, नाहीतर त्यांना लेखी विचारणा करायची, आणि तीही उत्तर सुचवणार नाही अशी. 'प्रॉबेबल न्यूमोनिया' ही नोंद ओपीडीची असेल तर न्यूमोनियाचा कोड लागत नाही. खोकला, ताप ही लक्षणं कोड करायची. तीच नोंद भरती रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळची असेल तर न्यूमोनिया आहे असं धरून जे१८.९ देता येतो. उलटही घडतं. टाइप-२ मधुमेह आणि किडनीचा जुना आजार डॉक्टरांनी दोन वेगळ्या ओळींत लिहिले, तरी नियमाने ते जोडलेलेच मानतात : ई११.२२, आणि सोबत एन१८ मधला टप्प्याचा कोड. डॉक्टरांनी संबंध नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तरच ते सुटे करायचे. कंपन्या साधारण ९५ टक्के अचूकता मागतात, आणि नव्या परिचारिकांचे गुण बहुतेक अशाच ठिकाणी जातात.

हे पचलं तर एएपीसी या अमेरिकेतल्या कोडरांच्या संस्थेची सीपीसी ही प्रमाणपत्र परीक्षा द्या. १०० बहुपर्यायी प्रश्न, ४ तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. मान्य पुस्तकं जवळ ठेवता येतात, तरीही बरेच जण वेळेअभावी अडकतात, कारण एका प्रश्नाला जेमतेम २ मिनिटं २४ सेकंद मिळतात. पाठांतरापेक्षा पानं पटकन सापडण्याचा सराव करा : पुस्तकाला टॅब लावा आणि घड्याळ लावून २५-२५ प्रश्न सोडवा. स्वस्तात मिळालेलं जुनं पुस्तक फक्त सरावाला ठेवा. आयसीडीचे मुख्य बदल दर १ ऑक्टोबरला आणि सीपीटीचे १ जानेवारीला लागू होतात. अनुभव नसताना पास झालात तर नावापुढे सीपीसी-ए (शिकाऊ) लागतं. दोन वर्षांच्या कामाचा पुरावा दिला की ते 'ए' निघतं. क्लास लावायचाच असेल, तर 'प्लेसमेंट' म्हणजे नेमकं काय हे लेखी घ्या. मुलाखतीला पाठवणं आणि नोकरी लागणं यांत बरंच अंतर आहे.

जाहिरातीत नसतं ते आता. नवख्या कोडरला पहिले काही महिने ऑफिसात बसवतात, कारण प्रत्येक चार्ट (रुग्णाच्या नोंदी) तपासला जातो आणि रुग्णांची माहिती अमेरिकेच्या हिपा या गोपनीयतेच्या कायद्याखाली येते. घरून काम मिळालं तरी बंद दाराची खोली, मोकळं टेबल आणि फोन दूर अशा अटी असतात. म्हणून ऑफर लेटर हातात येण्याआधी विचारा : किती महिन्यांनी घरून, आठवड्यातून किती दिवस, आणि अचूकता घसरली तर पुन्हा ऑफिसला बोलावणार का? तेवढ्या महिन्यांसाठी पाळणाघर आधीच बघून ठेवा.

पुढेही ते लागेलच. दीड वर्षाचं मूल दुपारी साधारण दोन तास झोपतं. रात्री ते झोपल्यावर तुमच्यात दोन तासांचं बळ उरलं असं धरलं, तरी चार तास झाले. पूर्णवेळ नोकरी आठ-नऊ तासांची असते. घरून काम म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, मूल सांभाळणारं माणूस वाचत नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच स्पष्ट सांगा. सासूबाईंना बसल्या जागी दोन तास आणि पाळणाघर पाच तास, अशी वाटणी अनेक घरांत निभते.

वीज गेली की व्हीपीएन (कंपनीच्या यंत्रणेशी सुरक्षित जोडणी) तुटतं आणि अर्धवट चार्ट पुन्हा उघडावा लागतो. राउटरला छोटा यूपीएस लावा (आधी राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट बघा, बहुतेकांचा १२ असतो) आणि मोबाइलचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ठेवा. आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी संपू देऊ नका. दर पाच वर्षांचं नूतनीकरण चुकवलं तर पुन्हा वॉर्डात जायचं ठरवल्यावर तेच आडवं येतं.

प्रश्न : मी बीएस्सी नर्सिंग केलं आहे आणि प्रसूती विभागात काम केलं आहे. नव्या आयांना व्हिडिओ कॉलवर स्तनपान आणि बाळाच्या तब्येतीबद्दल सल्ला देऊन पैसे घेतले तर चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : स्तनपानाचं मार्गदर्शन चालेल, उपचार नाहीत. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार दुरून तपासून औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांना आहे. 'बाळाला गॅस होतोय, कोणते थेंब देऊ?' या प्रश्नाला तुमचं उत्तर 'डॉक्टरांना विचारा' हेच. व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं औषधाचं नाव पुढे पुरावा म्हणून राहतं.

व्हिडिओवर बाळाची पकड आणि आईची बसण्याची पद्धत दिसते, वजन दिसत नाही. म्हणून जवळच्या दवाखान्यातल्या काट्यावरचा आकडा मागा. दोन आठवड्यांत जन्मवजन परत आलं का आणि पाचव्या दिवसानंतर रोज निदान सहा लंगोट ओले होतात का, हे प्रत्येक वेळी विचारून नोंदवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दूध ओढणं बंद, बाळ सुस्त : यातलं काहीही ऐकलं की कॉल तिथेच थांबवून दवाखान्यात पाठवा.

स्तनपान सल्लागारांचं आंतरराष्ट्रीय आयबीसीएलसी प्रमाणपत्र हवं असेल, तर आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या नेहमीच्या मार्गात स्तनपानविषयक ९५ तासांचं शिक्षण आणि परीक्षेआधीच्या पाच वर्षांतलं १,००० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. प्रसूती विभागातले तुमचे तास त्यात धरता येतील का ते बघा आणि जुन्या रुग्णालयाचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा. वर्षं उलटली की तास जातात. आणखी एक : पेज चालायला लागलं की पावडरच्या दुधाच्या कंपन्यांकडून प्रायोजकत्वाचे निरोप येऊ शकतात. अर्भकांच्या दूधपर्यायांविषयीचा १९९२ चा कायदा, २००३ मधल्या दुरुस्तीसह, अशा जाहिरातीला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या लाभांना मनाई करतो. नकार लेखी द्या.

प्रश्न : लॅब टेक्निशियनची नोकरी आठ वर्षांनी सोडली. पीएफ काढून लॅपटॉप घेऊ का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : लॅपटॉपसाठी नको. कोडिंग आणि क्लेम्सच्या (विम्याच्या बिलांच्या) नोकऱ्यांत तो बहुधा कंपनीच देते. त्यासाठी 'डिपॉझिट' मागितलं तर ती फसवणूक समजा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पाच वर्षांहून जास्त सलग सेवा झाल्याने पीएफच्या रकमेवर कर लागणार नाही, पण पेन्शनला दहा वर्षं लागतात आणि तुमची आठ भरली आहेत. पेन्शनचे पैसे न काढता फॉर्म १०सी भरून योजना प्रमाणपत्र घ्या. पुढच्या नोकरीतली दोन वर्षं त्यात मिळतील. ती नोकरी 'कन्सल्टंट' म्हणून असेल तर पीएफ कापला जात नाही, आणि मग ही दोन वर्षं भरणार नाहीत. ऑफर लेटरमध्ये हा शब्द आहे का ते सहीआधी बघा.